डावा आरसा

दादाने एकोणीस वर्षं एकच गाडी चालवली. मागे दोन्ही बाजूंना एकेक चाक असलेला साधा ट्रक होता तो. त्याला ट्रेलर जोडायचा आणि बोटी वाहायच्या, हा त्याचा धंदा. शेडमध्ये नवी बोट तयार झाली की पाण्यापर्यंत न्यायची, जुनी दुरुस्तीला आली की पाण्यातून काढून शेडपर्यंत आणायची. दादा गाडी चालवायचा आणि त्याची बहीण बाकी सगळं बघायची. कामं घ्यायची, रस्ते ठरवायची, ट्रेलरचा हूक आणि साखळ्या तपासायची, गाडी मागे घेताना उभी राहून हात दाखवायची. दादाने लग्न केलं नव्हतं, तिचं टिकलं नव्हतं. आईवडील गेल्यावर घरात दोघंच उरली होती. शेहेचाळीस वर्षांची झाली तरी सगळे तिला धाकटीच म्हणायचे.

गाडी बदलायचं धाकटीनेच मनावर घेतलं. हल्ली बोटी जड होत चालल्या होत्या, एकाच्या जागी दोन इंजिनं येत होती. त्यात एकदा खाडीवरच्या लांब पुलावर आडवा वारा सुटला आणि मागचा ट्रेलर बोटीसकट डुलायला लागला. त्याच्याबरोबर गाडीचं मागचं अंगही हलायला लागलं. दादाने ब्रेकला पाय लावला नाही. स्टिअरिंग घट्ट धरून वेग हळूहळू उतरू दिला आणि पूल पार केला. पलीकडे गेल्यावर धाकटी खाली उतरली आणि रस्त्याच्या कडेला ओकली.

"आपल्याला मागे जोडचाकांची गाडी हवी," तोंड पुसत ती म्हणाली. "एकेका बाजूला दोन-दोन चाकं. ती अशी नाचत नाही."

"आज निभावलं की."

"तू निभावलंस. गाडीने नाही."

दादा सत्तावन्नचा होता. घरी परतला की त्याचे खांदे दगडासारखे झालेले असायचे. जोडचाकांची गाडी आली तर तो आणखी दहा वर्षं सुखाने चालवेल, असं धाकटीने मनाशी धरलं. तिने सहा महिने शोधाशोध करून चांगली गाडी मिळवली. पुढून ती जुनीसारखीच दिसायची, पण मागे दोन्ही बाजूंचे मडगार्ड वीतभर बाहेर आलेले. बोटी बांधणाऱ्या मिस्त्रीने भोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "चेहरा तोच आहे, कमरेत तेवढी भरलीय."

दादा हसला. मग त्याने धाकटीला विचारलं, "जुनी थोडे दिवस राहू द्यायची का?"

"दोन-दोन गाड्या उभ्या कुठे करू, डोक्यावर?"

आठवड्याच्या आत जुनी गाडी विकली गेली. ती न्यायला माणूस आला तेव्हा दादा घरातून बाहेर आला नाही. धाकटीला वाटलं, एवढी वर्षं हाताखाली राहिलेली वस्तू, वाईट वाटायचंच.

पहिल्याच आठवड्यात नव्या गाडीचा डावा मडगार्ड स्वतःच्याच अंगणाच्या फाटकाला घासला. धाकटी म्हणाली, रुंदीची सवय व्हायला वेळ लागतो. जुन्या गाडीत पुढचं चाक गेलं तिथून मागचंही जायचं, इथे तसं नव्हतं. वळताना आरशात बघावंच लागायचं. पंधरा दिवसांनी पेट्रोल पंपावरच्या लोखंडी खांबाला तोच मडगार्ड लागला आणि चेपला. मग मिस्त्रीच्या शेडमध्ये फळ्यांची अख्खी रास कोसळली. तिन्ही वेळा डावीकडेच.

"तू मुद्दाम करतोस का रे?" फळ्या उचलता उचलता धाकटीच्या तोंडून निघून गेलं.

दादा फळ्या लावत राहिला.

"तुला ही गाडी नकोच होती. सरळ सांगायचंस ना. मी काय माझ्या हौसेसाठी आणली?"

"नकोच होती," दादा म्हणाला.

त्यावर दोघांचं बोलणं दोन दिवस बंद होतं. जेवायला समोरासमोर बसायची, वाटी सरकवायची, पण तोंडातून अवाक्षर नाही. असं त्यांच्यात कधी झालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीकडे एक बोट चढवायची होती. ट्रेलर शेडमध्ये मागे घ्यायचा होता. धाकटी उजवीकडे उभी राहून हात दाखवत होती आणि मिस्त्री डावीकडे दोर धरून उभा होता. गाडी मागे येता येता त्याच्याकडे कलली. त्याने हात हलवला, मग दोन्ही हात हलवले. गाडी थांबली नाही. शेवटी त्याने दोर टाकून भिंतीकडे उडी मारली. बाहेरचं चाक त्याच्या चपलेवरून गेलं. चप्पल पायातून निसटली होती म्हणून पाय वाचला.

धाकटी ओरडली तेव्हा कुठे दादाने गाडी थांबवली.

मिस्त्री भिंतीला टेकून दम घेत होता. तो धाकटीला हळूच म्हणाला, "मी त्याच्या आरशात उभा होतो. तो आरशातच बघत होता, धाकटे. माझ्याकडे तोंड करून."

संध्याकाळी दादा स्वयंपाकघरात टेबलापाशी पेपर घेऊन बसला. धाकटीने चहा केला. कप घेऊन ती त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि कप त्याच्या खांद्याजवळ धरला. बोलली नाही. दादा पेपर वाचत राहिला. कपाचा चटका बोटांना बसेपर्यंत ती तशीच उभी होती. थोड्या वेळाने त्याने पेपर खाली ठेवला, टेबलावर हात फिरवून कप शोधला आणि ओट्याकडे बघून म्हणाला, "चहा झाला नाही का अजून?"

धाकटीने कप त्याच्या हाताशी ठेवला.

तो दचकला. मग सगळं उमजून खाली बघत बसला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"दोन वर्षं झाली. जास्तच."

"आणि तू डॉक्टरकडे गेला नाहीस. चष्मा बदलून भागलं असतं कदाचित."

"चष्म्याचं नाही ते. मला माहीत होतं काय आहे." त्याने कप दोन्ही हातांत धरला. "बाबांचं असंच सुरू झालं होतं. आधी कडेचं जातं. मधलं दिसत राहतं, म्हणून माणूस फसतो. तू लहान होतीस तेव्हा."

धाकटीला वडील आठवायचे ते भिंत धरून चालणारेच. ते तसे कसे झाले, हे तिने पाहिलंच नव्हतं. दादाने पाहिलं होतं.

"जुनी गाडी मला अंगावरच्या सदऱ्यासारखी माहीत होती," दादा म्हणाला. "ती चालवताना डावीकडे बघायची गरज नव्हती. तीत आणखी वर्षभर निघालं असतं."

"मग मी म्हटलं मुद्दाम करतोस, तेव्हा 'नकोच होती' का म्हणालास?"

"हेकट म्हटलेलं परवडलं."

धाकटी तिथेच खुर्चीवर बसली आणि रडली. दादाने तिला गप्प केलं नाही. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "आज त्याचा पाय गेला असता."

"हो," ती म्हणाली. खोटं बोलून त्याची समजूत घालणं तिला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी तासभर तपासलं आणि मग दोघांना समोर बसवलं. काचबिंदू होता. डाव्या डोळ्याचं दिसणं जवळजवळ सगळं गेलं होतं, उजव्याचं कडेकडून आत कमी होत चाललं होतं. गेलेलं परत येणार नव्हतं. उरलेलं टिकावं म्हणून रोज थेंब घालायचे होते.

"दोन वर्षांपूर्वी आला असतात तर," बाई म्हणाल्या आणि थांबल्या.

"कळतंय मला," दादा म्हणाला. "गाडीचं काय?"

"गाडी नाही. आजपासूनच नाही."

दादाने खिशातून किल्ली काढली आणि धाकटीच्या हातात दिली. बाईंना वाटलं, विचारायचं सगळं झालं, म्हणून त्यांनी पुढचा कागद ओढला. मग धाकटीकडे बघून विचारलं, "तुम्ही सख्ख्या बहीण? वडिलांनाही होतं म्हणता, मग तुम्हीही बसा मशीनसमोर."

धाकटीच्या डोळ्यांतला दाब वाढलेला निघाला. नजर अजून शाबूत होती. अगदी वेळेवर आलात, बाई म्हणाल्या. त्या वेळी दादाने भिंतीला पाठ टेकली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. स्वतःचं ऐकताना त्याने तसं केलं नव्हतं.

धाकटीकडे परवाना होता, पण ट्रेलर जोडून गाडी तिने कधी चालवली नव्हती. शेडमागच्या मोकळ्या मैदानावर दादाने तिला शिकवलं. तो शेजारी बसायचा आणि विचारत राहायचा, "कुठवर आलीस?" ती सांगायची, खांब मागच्या चाकाच्या अंगाला आलाय. तो म्हणायचा, "मग थोडं उजवीकडे. थोडं म्हणजे थोडं, वरात नाही फिरवायची." महिन्याभरात तिला जमायला लागलं. मिस्त्रीने पहिलं काम तिलाच दिलं आणि या वेळी डाव्या बाजूला मुद्दाम नवे बूट घालून उभा राहिला.

सहा-सात महिने दादा तिच्याबरोबर गेला. धक्क्यावर सगळे ओळखीचे होते, कुणी काही विचारायचं नाही. एकदा उतरताना त्याला गाडीची पायरी दिसली नाही आणि तो सगळ्यांसमोर गुडघ्यांवर पडला. धावत आलेल्यांना तो हसून म्हणाला, काही नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने हाक मारली तेव्हा तो आतूनच म्हणाला, "तू जा. मी घर बघतो." तिने आठवडाभर रोज हाक मारली. मग तिने हाक मारणं सोडलं.

आता संध्याकाळी ती घरी आली की दोघं जेवणाआधी टेबलापाशी बसतात. ती आधी त्याच्या डोळ्यांत थेंब घालते, मग स्वतःच्या. पाच मिनिटं डोळे मिटून राहायचं असतं. त्या पाच मिनिटांत दादा दिवसभराचं विचारून घेतो. बोट कुणाची होती, वजन किती, रस्ता कसा होता, आतल्या टायरची हवा पाहिलीस का. ती सगळं सांगते, वळणन् वळण.

"झाली पाच मिनिटं," ती म्हणते आणि डोळे उघडते.

"हं," दादा म्हणतो. "पुढे सांग. पुलावरून निघालीस, मग?"

त्याचे डोळे मिटलेलेच असतात. ती पुढे सांगत राहते.