घासलेली शेवंती

शनिवारी सकाळी मी कुणाच्या बापाचं काम घेत नाही. बाकीचे दिवस लोकांच्या तळघरातल्या, घर गरम ठेवायच्या भट्ट्या दुरुस्त करण्यात जातात. शनिवारी मात्र गाडीत कॉफीचा थर्मास टाकतो आणि जुन्या लष्करी बंदुका हुडकायला बाहेर पडतो. आमच्या या सपाट ओहायोत शनिवारी निम्मं गाव गॅरेजचं दार वर करून घरातली अडगळ विकायला बसतं. कपबशा, नाताळचे दिवे, पोरांच्या सायकली, आणि नशीब जोरावर असेल तर एखाद्या कोपऱ्यात घरच्या म्हाताऱ्यानं लढाईहून आणलेली बंदूक. दुकानदाराला तिची किंमत ठाऊक असते, घरच्यांना नसते. माझं सगळं त्या फरकावर चालतं. लबाडी म्हणायची असेल तर खुशाल म्हणा.

माझी रीत ठरलेली आहे. बंदूक हातात घ्यायची, तोंड वाकडं करायचं आणि एकेक खोट मोठ्यानं सांगायची. दस्त्याला चीर गेलीय. नळीत गंज आहे. हा स्क्रू काही मूळचा नाही. ऐकणाऱ्याचं तोंड उतरतं, पाठोपाठ भाव उतरतो. बायको म्हणते, आपलं लग्न ठरलं तेव्हा माझ्या बापासमोरही तू तोंड अस्संच केलं होतंस.

मी सांगतोय ते ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराचं आहे. लायमा गावाच्या पलीकडे एका फाट्यावर खांबाला विक्रीचा पुठ्ठा लावलेला दिसला, म्हणून गाडी आत घातली. एमेट केसिंगर नावाच्या म्हाताऱ्याचं घर. बायको मागेच वारलेली. आता घर विकलं होतं आणि तो लेकीकडे राहायला निघाला होता. तो घडीच्या खुर्चीत टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता. लेक डोरीन पैशांचा डबा सांभाळत होती. जावई रँडल डोनट खात फिरत होता आणि सासऱ्याच्या एकेका वस्तूला नावं ठेवत होता. "हा टोस्टर बघा! सासरेबुवांनी बहुतेक नोहाच्या तारवातून आणला असावा." हसत होता तो एकटाच.

गवत कापायच्या मशीनला टेकून जपानी बंदूक उभी होती. वर चिठ्ठी, चाळीस डॉलर. दस्ता तुळतुळीत, कुठं टवका नाही. माझ्या भिंतीवर जपानी बंदुकीची जागा कित्येक वर्षं रिकामी होती. तोंडाला पाणी सुटलं, पण चेहरा मी कडूच ठेवला. चाळीसची पंचवीसला पाडायची, हे मनात पक्कं केलं आणि तिला उचललं.

आता एवढं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जपानी फौजेच्या बंदुकीवर, नळी जिथं सुरू होते तिथं, त्यांच्या बादशहाचं शेवंतीचं फूल कोरलेलं असतं. रणांगणात हाती लागलेल्या बंदुकीवर ते फूल शाबूत असतं. जपान शरण आल्यावर मात्र बंदुका आमच्या हवाली करण्याआधी ती फुलं घासून काढली गेली. मग तिथं पहाऱ्याला गेलेल्या आमच्या पोरांना ढिगातली एकेक बंदूक आठवण म्हणून घरी नेऊ दिली. शाबूत फुलाला भाव, घासलेल्याला निम्माही नाही. आमच्या धंद्यात हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं.

या बंदुकीवरचं फूल साफ घासलेलं होतं. मी बोल्ट, म्हणजे गोळी आत सारायचा मागचा दांडा, बाहेर काढला. बंदुकीवर एक नंबर, बोल्टवर भलताच. ढिगात बंदुका एकीकडे असायच्या, बोल्ट दुसरीकडे. हाताला येईल तो घालायचा. म्हणजे ही ढिगातलीच, शंकाच नको. हीच खोट सांगायला मी तोंड उघडलं.

तेवढ्यात डोरीन म्हणाली, "बाबांनी ती फिलिपिन्समध्ये, लुझॉनच्या जंगलात एका जपान्याच्या हातातून हिसकावलीय. अंगावर धावून आला होता तो."

"दर नाताळला जेवताना ऐकतो आम्ही," रँडल म्हणाला. "आणि दर वर्षी तो जपानी चार बोटं उंच होतो." मग माझ्याकडे वळला. "तुम्ही जाणकार दिसता, साहेब. बोल्ट कसा झटक्यात काढलात! होऊन जाऊ दे एकदाचं. ही खरंच लढाईतली, का सासरेबुवा इतकी वर्षं आम्हाला गंडवतायत?"

"रँडल, पुरे," डोरीन म्हणाली.

"अगं, पुरे काय? माणूस समोर उभा आहे. सांगू दे की!"

मी म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्यानं टोपी काढली होती. कान लालबुंद झाले होते आणि नजर जमिनीला खिळली होती. माझ्या एका वाक्यानं बंदूक पंचवीसला पदरात पडली असती आणि म्हातारा लेकीच्या घरी खोटारडा ठरून गेला असता. त्या डोनटखाऊच्या टेबलावर, रोज तिन्ही त्रिकाळ. माझं डोकं फिरलं.

"लढाईतलीच आहे," मी म्हणालो.

"मग हे वर काय खरवडलंय?"

"फूल होतं. पकडला जाणार असं दिसलं की जपानी शिपाई ते स्वतःच घासून टाकायचा, बादशहाचं फूल शत्रूच्या हाती पडू नये म्हणून." असली थाप मी उभ्या आयुष्यात मारली नव्हती, आणि ती माझ्याच तोंडून इतकी सरळ बाहेर पडली की माझा मीच चकित झालो. "अशी बंदूक सहसा बघायला मिळत नाही."

रँडलचा डोनट हातातच राहिला. पण गडी पक्का. "मग चाळीस कसे? खरी किंमत काय हिची?"

"दोनशे तरी."

"मग द्या की दोनशे!"

घ्या! मी, ज्यानं कधी कुणाला मागितला भाव दिला नाही, तो खिशात हात घालून विसाच्या नोटा मोजू लागलो. दहावी नोट काढतोय तोवर डोरीननं बंदूक माझ्या हातातून काढून घेतली. तिचे डोळे भरून आले होते.

"माफ करा," ती म्हणाली, "आता नाही विकायची. आमच्या घरी, बाबांच्या खोलीत, पलंगासमोर लावणार मी ही."

बंदूकही गेली आणि थापही फुकट गेली. मी पाय आपटत गाडीकडे निघालो. मागून म्हातारा आला. गाडीच्या दारावर हात ठेवून उभा राहिला.

"फूल पाहिलंस तू," तो म्हणाला.

"पाहिलं."

"बोल्टचा नंबरही?"

"तोही."

"मग थाप कशाला मारलीस, गाढवा?"

आभार मानायला आलाय, असं मला वाटलं होतं.

"लढाई संपल्यावर पोचलो मी जपानात," तो हळू आवाजात म्हणाला. "भटारखान्यात होतो. पाव भाजायचो. चांगला व्हायचा रे माझा पाव, पोरं गरम गरम मागून न्यायची. घरी आलो तर भावानं बंदूक बघितली आणि विचारलं, कुणाला मारून आणलीस? कुणालाच नाही, असं मी म्हणालो नाही. एवढंच झालं. मग पावाचं सांगायला तोंडच उरलं नाही. बायको गेली, तिलाही नाही सांगितलं." त्यानं नाक पुसलं. "म्हटलं, ही बंदूक जाईल कुणाच्या तरी गाडीतून, आणि लेकीकडे राहायला मी एकटाच जाईन. आता रोज सकाळी डोळे उघडले की समोर तीच!"

मला फार वाईट वाटलं. "चला," मी म्हणालो, "आत्ता जाऊन सांगतो, माझी चूक झाली म्हणून. दोन मिनिटांचं काम."

तो चालायला लागलाही होता. तेवढ्यात गॅरेजमधून रँडलची हाक आली.

"बाबा! अहो बाबा, इकडे या ना जरा!"

म्हातारा थबकला.

"नको," तो म्हणाला. "कधी नव्हे ते बाबा म्हणतोय तो मला."

रँडलनं खुर्ची पंख्यासमोर आणून ठेवली होती. बसायची जागा हातानं झटकली, म्हाताऱ्याला दंडाला धरून बसवलं आणि बंदूक दोन्ही हातांनी त्याच्या मांडीवर ठेवली. डोरीन डब्याचं झाकण लावून जवळ आली.

"पहिल्यापासून सांगा, बाबा," ती म्हणाली. "यानं कधी नीट ऐकलंच नाहीये."

म्हाताऱ्यानं एकदा माझ्या गाडीकडे पाहिलं, आणि लुझॉनच्या जंगलापासून सुरुवात केली.