कुशचा उजवा हात

उल्काने फ्रीझरमधला बर्फाचा डबा बाहेर ओढला आणि आत हात घातला. सकाळी ऑफिसला निघताना तो काठोकाठ भरलेला तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. आता तळाशी चार-सहा खडे एकमेकांना चिकटून पडले होते. तिने डबा परत आत सरकवला आणि ओट्यावरच्या ब्लेंडरचं झाकण काढून नाकाशी नेलं. ब्लेंडर कोरडा ठणठणीत होता. कुश स्मूदी करतो, त्याला बर्फ लागतो, असं गुरुनाथ परवाच म्हणाला होता.

म्हणजे नवरा थापा मारत होता, नाहीतर त्यालाही कुणीतरी मारली होती. उल्काने दुसरी शक्यता धरली, कारण ती सोयीची होती.

कुश म्हणजे त्यांच्या बेसमेंटमध्ये राहायला आलेला एकवीस वर्षांचा मुलगा. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीत वाढलेला, कॉलेजच्या बेसबॉल टीमचा पिचर. उन्हाळ्यात कॉलेजच्या पोरांची एक लीग चालते, तिच्यात तो या वर्षी त्यांच्या श्रूजबरी गावाजवळच्या टीमकडून खेळत होता. या लीगची पद्धत अशी, की बाहेरगावचे खेळाडू ते दोन-अडीच महिने गावातल्या कुणाच्या तरी घरी राहतात. गुरुनाथने जानेवारीतच फॉर्म भरून ठेवला होता. त्यांची मुलगी रुही नोकरीसाठी सिअ‍ॅटलला गेल्यापासून खालची खोली रिकामी होती, आणि गुरुनाथला रिकामी खोली बघवत नव्हती.

पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, हे गावातल्या मराठी मंडळींना आता पक्कं ठाऊक झालं होतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत गुरुनाथसुद्धा त्याला बोलर म्हणायचा. पण कुशने पहिल्याच मॅचमध्ये नऊ जणांना बाद केलं, त्याच्या चेंडूचा वेग ताशी शहाण्णव मैल भरला आणि मंडळींना वेडच लागलं. पलीकडच्या गल्लीतल्या यतीनने ‘आपला कुश’ नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. तिसऱ्या आठवड्यात देवनागरी अक्षरांचे टी-शर्ट छापून आले. पार्सिपनीहून लोक चार-चार तास ड्राइव्ह करून मॅचला येऊ लागले, आणि ज्यांना अजून नियम कळले नव्हते तेच सगळ्यांत जास्त ओरडू लागले. येत्या शनिवारी मोठ्या टीमांसाठी खेळाडू हेरणारे तीन स्काउट मुद्दाम कुशला बघायला येणार होते. त्या टीमा पोरं निवडतात तो ड्राफ्टचा दिवस आठवड्यावर आला होता.

उल्काचा स्वभाव संशयी होता, आणि तिला ते मान्यही होतं. एका औषध कंपनीत ती दुष्परिणामांचे रिपोर्ट वाचायची. माणूस लिहितो की आता छान वाटतंय, आणि दोन ओळींनंतर सहज सांगून जातो की हल्ली जिना चढत नाही. पहिली ओळ सोडून दुसरी धरायची, हे तिचं काम. वीस वर्षं ते केल्यावर माणूस घरी येऊन एकदम भाबडा होत नाही.

गेले दोन आठवडे तिला कुशचं काहीतरी खटकत होतं. आल्या आल्या तो टेबलाशी बसून हाताने वरणभात कालवायचा, आणखी मागायचा, देवयानीच्या, म्हणजे आईच्या, वरणाशी तुलना करायचा. मग एके दिवशी त्याने चमचा मागितला. उल्काला वाटलं, पेपरात फोटो आला, आता साहेबांना चमचा लागणार. पुढे तो ताट घेऊन खालीच जायला लागला. बाथरूमच्या कपाटातली पेनकिलरची बाटली भराभर रिकामी होऊ लागली. आणि आता हा बर्फ. पोरगं रात्री खाली बसून पितं आणि सकाळी डोकं धरून गोळ्या खातं, असं तिने ठरवून टाकलं. बुधवारी तिने काचेच्या कचऱ्याचा डबा गॅरेजमध्ये उपडा करून पाहिला. त्यात लोणच्याच्या दोन बरण्यांपलीकडे काही निघालं नाही, तेव्हा पोरगं भलतंच हुशार आहे, अशी तिची खात्री पटली.

तिला खरी भीती देवयानीची होती. दर रविवारी देवयानीचा कॅरीहून फोन यायचा, आणि तिचा पहिला प्रश्न असायचा, खातो ना नीट? उल्का हो म्हणायची. दुसऱ्याचं पोर आपल्या छपराखाली ठेवून घेतलंय, उद्या त्याचं काही बरंवाईट झालं तर त्या बाईला तोंड कसं दाखवायचं, हा विचार तिच्या डोक्यातून जायचा नाही. गुरुनाथजवळ तिने बर्फाचा विषय काढला तेव्हा तो हसला, तुला सगळं जगच चोर दिसतं म्हणाला, आणि गाडी धुवायला निघून गेला. गाडी आदल्याच दिवशी धुतलेली होती.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्याकडे सत्यनारायण होता. उद्याच्या मॅचसाठी ही पूजा गुरुनाथच्याच डोक्यातून निघालेली. यतीनचे वडील पुरुषोत्तमकाका पूजा सांगायला बसले होते. ते नागपूरचे, ऐंशीच्या घरातले, आणि गावातल्या सगळ्या पूजा त्यांच्याच. दिवाणखान्यात चाळीसेक माणसं दाटीवाटीने बसली होती, त्यांतली निम्मी कुशचं नाव छापलेला टी-शर्ट घालून. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. कथेच्या पाचही अध्यायांत कुश मागच्या भिंतीला टेकून शहाण्यासारखा बसून राहिला. उल्काने पूजेवरून दोनदा मान वळवून त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. डोळे स्वच्छ होते.

आरती झाली. पुरुषोत्तमकाका तीर्थाची पळी घेऊन उभे राहिले आणि पहिला मान त्यांनी कुशला दिला. सगळ्यांनी वाट करून दिली. कुश पुढे आला, वाकला आणि त्याने डावा हात खोलगट करून पुढे केला.

“उजवा, बाळा,” पुरुषोत्तमकाका म्हणाले.

“सॉरी, आजोबा,” कुश म्हणाला. पण हात बदलला नाही.

पळी तशीच थांबली. तेवढ्यात पाटावरून गुरुनाथचा आवाज आला. “चालतं हो काका. इथे वाढलेली मुलं ती. द्या तसंच.”

लोक हसले. काकांनीही मान हलवून तीर्थ दिलं. उल्का मात्र नवऱ्याच्या बाजूलाच बसली होती आणि तिला हसू आलं नाही. रुही उपजत डावखुरी. ती सहा वर्षांची असताना अशाच एका पूजेत तिने डावा हात पुढे केला होता. गुरुनाथने तो मनगटाशी धरून ठेवला आणि उजवा पुढे येईपर्यंत प्रसाद देऊ दिला नाही. पोर रडून लाल झाली तरी तो हलला नव्हता. मागच्या गणपतीत त्याने परक्याच्या घरी परक्याच्या मुलाला यावरून टोकलं होतं. तो माणूस आज चालतं म्हणत होता.

आणि कुशला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. आल्या दिवशी तिने देवापुढचा पेढा दिला, तेव्हा त्याने उजव्या हाताखाली डावा धरून तो घेतला होता, कपाळाला लावून मग खाल्ला होता. उल्काने त्याच संध्याकाळी देवयानीला फोनवर सांगितलं होतं की तुम्ही मुलाला छान वळण लावलंय.

आता ती त्याच्या डोळ्यांकडे न बघता हाताकडे बघू लागली. उजवा हात कोपरात वाकवून त्याने पोटाशी धरला होता. शिऱ्याची वाटी त्याने डाव्या हाताने घेतली आणि समोरच्या टीपॉयवर टेकवून डाव्यानेच खायला लागला. यतीनने मागून येऊन कौतुकाने त्याच्या उजव्या दंडावर थाप मारली, तेव्हा तो हसला, पण हसण्याआधी त्याचा चेहरा पांढरा पडला होता. चमचा, खाली नेलेलं ताट, गोळ्या, बर्फ, सगळ्याचा अर्थ उल्काला एकदम लागला. पोरगं पीत नव्हतं. पोरगं दुखणं लपवत होतं. तिला हायसं वाटलं, पण क्षणभरच, कारण लपवणारा तो एकटा नव्हता.

मंडळी ताटं घेऊन घरामागच्या लाकडी डेकवर गेली, तेव्हा तिने गुरुनाथला स्वयंपाकघरात गाठलं. तो रेशमी कुर्त्याच्या बाह्या सरसावून परात विसळत होता.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“काय कधीपासून?”

“त्याचा हात.”

त्याने नळ मोठा केला. मग बंद केला. मागच्या मॅचच्याही आधीपासून दुखतोय, असं त्याने सांगितलं. कोचला माहीत नव्हतं. कळलं असतं तर त्याने कुशला तिथल्या तिथे बसवलं असतं, स्काउट आलेच नसते, वर्ष वाया गेलं असतं. उद्याच्या नऊतल्या फक्त पाच छोट्या इनिंग्ज, मग चांगल्यातल्या चांगल्या डॉक्टरला दाखवू, असं तो हलक्या आवाजात बोलत राहिला. बर्फही तोच खाली नेऊन देत होता. कुशचीच इच्छा आहे, वाटल्यास त्याला विचार, असंही म्हणाला.

“तो एकवीस वर्षांचा आहे, गुरुनाथ. तू चोपन्नचा आहेस.”

गुरुनाथ ओली परात हातात धरून उभा राहिला. “अठरा वर्षं त्या ऑफिसात काढली मी,” तो म्हणाला. “लंचला माझ्या टेबलाशी कुणी येऊन बसत नव्हतं. आता बसतात. कुश कसा आहे विचारतात.”

उल्काला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून जास्तच राग आला. तिने खिडकीतला फोन उचलला, गॅरेजमध्ये जाऊन दार लावून घेतलं आणि कॅरीला फोन लावला.

देवयानी आनंदात होती. त्यांनी कम्युनिटी हॉल घेतला होता, मोठा पडदा लावला होता, उद्या साठ माणसं मॅच बघायला यायची होती. मागे खुर्च्या ओढल्याचे आवाज येत होते. उल्काने तिला बोलू दिलं. ती थांबली तेव्हा म्हणाली, “देवयानी, आज त्याने तीर्थ डाव्या हातात घेतलं.”

पलीकडे दार लागल्याचा आवाज झाला आणि खुर्च्या ऐकू येईनाशा झाल्या. मग देवयानीचा आवाज आला, अगदी खाली गेलेला.

“उजवा सरळ होत नाहीये का त्याचा?”

“मला तसं वाटतंय.”

“तुम्ही पाहिलंत?”

“नाही.”

“मग बघा ना, उल्काताई. मी फोनवर थांबते.”

ती फोन तसाच हातात धरून बेसमेंटमध्ये उतरली. कुश वरच्या गर्दीतून सटकून केव्हाच खाली आला होता. रुहीच्या जुन्या पलंगावर तो उजवा हात मांडीवरच्या उशीवर ठेवून बसला होता. उल्काला बघून त्याने उशी बाजूला सारली.

“हात पुढे कर. सरळ.”

“काकू, आय ॲम फाइन. जस्ट थोडा टाइट आहे.”

“कर.”

त्याने हात केला नाही. तो तिच्या खांद्यावरून मागे बघत होता. उल्का वळली. गुरुनाथ जिना उतरून आला होता आणि शेवटून दुसऱ्या पायरीवर उभा होता. मैदानात पोरगं कोचकडे बघतं तसं कुश त्याच्याकडे बघत होता, सांगाल तसं करतो म्हणून. या दोघांचं असं किती दिवस चाललं असेल, असं उल्काच्या मनात आलं. आता हा हसणार, काहीतरी थाप मारणार, आणि पोरगं ती थाप निमूटपणे पुढे चालवणार, अशी तिची खात्री होती.

गुरुनाथने खाली कार्पेटकडे पाहिलं.

“दाखव,” तो म्हणाला.

कुशने हात पुढे केला. तो अर्ध्यापर्यंत आला आणि कोपरात वाकलेलाच थांबला. त्याने डाव्या हाताने तो पुढे रेटायला सुरुवात केली, तेव्हा उल्काने त्याचा डावा हात धरला. त्याने धरू दिला. मग तो रडायला लागला, आवाज न करता, तोंड उघडं टाकून, आणि रडता रडता म्हणाला की रोज थोडा थोडा कमी सरळ होतोय, काकू, आय डोन्ट नो व्हाय. वर डेकवर यतीन आणि मंडळी उद्याच्या घोषणांची तालीम करत होती.

“हॅलो? ताई? काय झालं?” फोनमधून देवयानी विचारत होती.

उल्काने फोन कानाला लावला. एक सांगितलं की दुसरंही सांगावं लागणार होतं. आपल्या घरात हे माहीत होतं, हे. ते बोलावं की गिळून टाकावं, हे तिचं अजून ठरलं नव्हतं, आणि स्वतःचाच तिला भरवसा वाटेना. गुरुनाथ दोन पायऱ्या उतरून आला आणि त्याने हात पुढे केला. तिने फोन दिला, पण त्याच्या अगदी जवळ उभी राहिली. त्याने सारवासारव सुरू केली असती तर तिने तो हिसकावून घेतला असता.

“देवयानीताई, मी गुरुनाथ बोलतोय,” तो म्हणाला. “हात सरळ होत नाहीये त्याचा. मला दोन आठवड्यांपासून माहीत होतं.”

आणि पुढचं ऐकून घ्यायला तो तिथेच पायरीवर बसला.