मागून लिहिलेली वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे, आणि माझ्यात काय लिहिलं आहे ते मी तुम्हांला सांगणार नाही.

हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं. नंतर रुसवा नको. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की पोटातलं सगळं बाहेर काढतात आणि शेवटी डोळे पुसतात. मी तसली नाही. माझी काही पानं मी तुम्हांला दाखवीन. उरलेली ज्या बाईने लिहिली तिची आहेत. ती जिवंत आहे, आणि तिने परवानगी दिलेली नाही.

पुठ्ठा

माझा जन्म कंपालातल्या एका कारखान्यात झाला. जाड पुठ्ठा, लाल कापडी कणा, आखीव पानं एकशे ब्याण्णव. मसाका नावाच्या गावातल्या एका दुकानात मी चाळीस बहिणींबरोबर फळीवर पडून होते. आम्हांला वाटायचं, आपण शाळेत जाणार, हजेरीपट होणार. पण दोन हजार एक साली बायकांच्या एका मंडळाने आम्हांला सगळ्यांनाच उचललं आणि चर्चमागच्या फणसाखाली नेऊन वाटलं.

चटयांवर पाय मुडपून बसलेल्या त्या बायकांना एकच आजार होता. दवाखान्यात त्याला एचआयव्ही म्हणत. गावात म्हणत, 'बारीक करणारा आजार'. बहुतेकींचे नवरे आधीच गेले होते.

मंडळाच्या प्रमुख होत्या मादाम स्पेसिओझा. अंगाने भरदार, आवाज त्याहून भरदार. त्या म्हणाल्या, "ही आठवणवही. हिच्यात मुलांसाठी लिहायचं. बापाचं कूळ कोणतं, कुळाला काय खायला चालत नाही, पहिला दात कधी आला, केळीच्या बागेची हद्द कुठवर. आपण गेल्यावर पोरांना कोण सांगणार?"

बायका रडू लागल्या. मी जिच्या मांडीवर होते ती रडली नाही. तिने हात वर केला.

"मादाम, हे पोरं वाचणार आम्ही गेल्यावर. मग आम्ही असेपर्यंत काय करायचं?"

"असेपर्यंत लिहायचं, गोरेट्टीची आई."

"पोरांसाठीच?"

"मग काय कोंबड्यांसाठी?"

सगळ्या हसल्या. तीही हसली. तिचं नाव रेस्टिट्युटा. मला तिने घरी नेलं.

पुढून, पान १ ते ११

ही पानं मुलांची आहेत, म्हणून दाखवते.

अक्षर गोल, ओळी सरळ. 'गोरेट्टी, तू पहाटे जन्मलीस तेव्हा मोठा पाऊस होता आणि सुईण चिखलात घसरून पडली. तुमच्या वडिलांचं कूळ नाकतोड्याचं. नोव्हेंबरात सगळं गाव नाकतोडे तळून खाईल, तुम्ही दोघांनी खायचे नाहीत. मित्रांनी चिडवलं तरी नाही. एक्स्पेडिटो, तू पाच वर्षांचा आहेस आणि शेंगदाण्याच्या कालवणात बोट बुडवतोस. मला दिसत नाही असं तुला वाटतं.'

गोरेट्टी तेव्हा नऊ वर्षांची होती. ही पानं तिच्यासाठी चांगल्या कपड्यांसारखी होती. ते घातले की ताठ बसावं लागतं, तशी ती वाचताना ताठ बसे. रेस्टिट्युटाही ताठ बसूनच लिहायची.

मागून, पान १

शेजारी साखरपुड्याचं जेवण होतं. रेस्टिट्युटा तिथे गेली. सगळ्यांना काचेच्या पेल्यांतून पाणी दिलं. तिला कानतुटक्या कपातून दिलं. तो कप वेगळा ठेवलेला होता, आणि तिचं पिऊन झाल्यावर यजमानीणबाईंनी तो दोन बोटांत धरून उचलला.

ती घरी आली. कच्ची केळी सोलली, केळीच्या पानांत बांधली आणि मटोके शिजायला ठेवलं. आमच्याकडे ते वाफेवर शिजायला तासभर तरी लागतो. तिने मला उघडलं. पान बारा, मथळा लिहिलेला होता: 'आपले चांगले शेजारी.'

पेन हवेत राहिलं.

मग तिने मला उलटं केलं. खालचं वर, मागचं पुढे. आणि शेवटच्या पानापासून लिहायला सुरुवात केली.

पेन इतकं जोरात टेकलं की तीन पानांना भोकं पडली. इतका राग मी कधी अंगावर घेतला नव्हता, आणि तो माझ्यावर नव्हताच. अक्षर तिरपं, ओळींवर ओळी चढलेल्या, अंगठ्याला केळीचा चीक. तो डाग काळा पडतो, धुऊन जात नाही. त्या पानावर तो आजही आहे. तिची सहीच म्हणा.

काय लिहिलं? मी आधीच बजावलंय.

एवढंच सांगते. पातेल्यातून शिजलेल्या पानांचा वास आला तेव्हा तिने मला मिटलं, मटोके मळलं, मुलांना वाढलं आणि स्वतः दोनदा वाढून घेतलं. आदल्या दोन दिवसांत तिने घासही घेतला नव्हता.

मागून, पान २ पासून पुढे

रोज तोच तास. केळी चढली की मी उघडायची, वास आला की मिटायची.

तिचे तीन नियम होते. खोडायचं नाही. लिहून झाल्यावर वाचायचं नाही. आणि कुणी चांगलं म्हणावं म्हणून लिहायचं नाही. क्वचित चार पानं भरत, बहुतेक दिवशी एकच ओळ. एकदा नुसती कोंबडी काढली, तीही वाईट. एकच वाक्य तिने लागोपाठ अकरा दिवस लिहिलं. बाराव्या दिवशी त्यातला एक शब्द बदलला आणि त्या दिवशी ती अंगणात बसून मोठ्याने गाणं म्हणाली. सूर बेताचाच होता.

पुढून लिहिताना ती आई होती. मंडळात ती रोगी होती, गावात विधवा. माझ्या मागच्या पानांवर ती नुसती रेस्टिट्युटा होती. अख्ख्या जिल्ह्यात तिला तेवढीच जागा होती: एक वीत रुंद, सव्वा वीत उंच.

आणि तीच जागा लोकांना हवी झाली.

तपासणी

परदेशातून पाहुणे येणार होते. सगळ्यांत सुंदर आठवणवही त्यांच्यापुढे ठेवायची आणि तिच्या मालकिणीला दुभती बकरी द्यायची, असं ठरलं. स्पेसिओझाबाई फणसाखाली बसून वह्या तपासू लागल्या.

माझी पुढची पानं वाचून त्यांचे डोळे भरले. "हीच! हीच वही ठेवायची! बघा गं, किती नेटकं लिहिलंय." आयुष्यात माझं असं कौतुक पहिल्यांदाच होत होतं. खोटं कशाला बोलू, मी सुखावले.

मग पानं हातातून निसटली आणि मी मागून उघडले. बाईंनी मला फिरवून दोन ओळी वाचल्या आणि चट्‌कन मिटलं.

"गोरेट्टीची आई, हे काय आहे?"

"ते माझं आहे."

"वही मुलांसाठी दिली होती."

"पुढून मुलांचीच आहे की."

"पाहुण्यांपुढे असलं ठेवता येणार नाही. मागचं फाडून टाक. पुठ्ठ्याला धक्का न लावता निघेल."

"मग ठेवू नका पाहुण्यांपुढे."

"अगं, बकरी मिळतेय! दुभती! पोरांच्या तोंडात दूध जाईल."

"मादाम, बकरी कागदही खाते. फाडलेली पानं आधी तिलाच घालणार ना तुम्ही?"

बायका चटयांवर लोळून हसल्या. स्पेसिओझाबाई हसल्या नाहीत. बकरी दुसरीकडे गेली. एक्स्पेडिटोला दुसऱ्याच्या दारात ती बकरी बघत उभा राहिलेला पाहून रेस्टिट्युटाने त्या दिवशी काहीच लिहिलं नाही. हा निर्णय स्वस्तात पडला नव्हता.

आत्या

वहीच्या मागे काहीतरी आहे, ही बातमी पाच मैलांवर मुलांच्या आत्याकडे पोचली. फेलिसिता तिचं नाव. मोटरसायकलवर आडवी बसून ती आली, ती छत्री उगारूनच.

नवऱ्याची बहीण आली की गुडघे टेकून बोलायचं, ही आमची रीत. रेस्टिट्युटाने गुडघे टेकले.

"काय लिहिलंयस माझ्या भावाबद्दल?"

"तुमच्या भावाला ते माहीत आहे, वन्सं."

"तो मेलाय!"

"म्हणूनच म्हटलं. तो कुणाला सांगणार नाही."

"जिभेला हाड नाही तुझ्या! वही दे इकडे. आमच्या कुळाची लाज तू कागदावर मांडणार आणि उद्या ही पोरं वाचणार?"

"नाही."

गुडघे टेकूनच ती नाही म्हणाली. मित्रांनो, मी पुष्कळ उभी माणसं पाहिली आहेत. इतकं ताठ कुणी उभं राहिलेलं पाहिलं नाही.

फेलिसिताने थेट कोपऱ्यातली पेटी उघडली. कपडे बाहेर फेकले. मी त्यांत नव्हते, मी चुलीजवळ केळीच्या पानांखाली होते. पण पेटीच्या तळातून एक घडी बाहेर आली. विटकरी, जाडसर, झाडाची साल कुटून केलेलं कापड. आमच्याकडे माणसाला त्यात गुंडाळून पुरतात.

दोन महिन्यांपूर्वी रेस्टिट्युटा अंथरुणाला खिळली होती, तेव्हा आत्यानेच ते आणून ठेवलं होतं. आयत्या वेळी धावपळ नको म्हणून.

गोरेट्टी दारात उभी होती. "आत्या, हे कुणासाठी आणलंय?"

आत्याची छत्री खाली आली.

मग रेस्टिट्युटा उठली. केळी सोलायची सुरी घेतली. कापडाचं एक टोक पायाखाली धरलं आणि हातभर तुकडा कापून काढला.

"अगं! अगं, काय करतेस! प्रेताचं कापड कापतेस?"

"मला गुंडाळायला आणलंत ना, वन्सं?" तिने पानांखालून मला काढलं आणि त्या तुकड्यात बसवलं. "मग गुंडाळते. मी इथे आहे."

"मूर्ख बाई! आता पुरताना कमी पडेल ते!"

"मग मला मरायचं थांबावं लागेल."

चटई विणायची सुई आणि ताडाची पट्टी घेऊन रेस्टिट्युटा तिथेच बसून माझं कव्हर शिवू लागली. बऱ्याच वेळाने फेलिसिता खाली बसली आणि म्हणाली, "टाके तरी सरळ घाल." जाताना तिने वही पुन्हा मागितली नाही. पुढेही कधी मागितली नाही.

फाटलेली पानं

एकही नाही.

मधली वर्षं

ती जगली. मी तिला जगवलं असली फुशारकी मी मारणार नाही. तीन वर्षांनी गोळ्या आल्या, त्यांनी जगवलं. पण त्या तीन वर्षांत गोळ्या नव्हत्या, मटोके होतं आणि मी होते. पुढचं तुमचं तुम्ही समजा.

एका दुपारी स्पेसिओझाबाई एकट्याच आल्या. त्यांची स्वतःची वही पुढून पूर्ण भरलेली होती, मंडळात नमुना म्हणून फिरायची. थोडा वेळ हवापाण्याचं बोलून झालं. मग चुलीकडे बघत त्या म्हणाल्या, "रेस्टिट्युटा, मागून सुरू कसं करायचं गं?"

"उलटी धरायची, मादाम."

"आणि मग?"

"मग पहिलं वाईट वाक्य लिहायचं. चांगलं मागाहून येतं. नाही आलं तरी मटोके शिजतंच."

पुढून मात्र मी एक्केचाळिसाव्या पानावर थांबले. 'गोरेट्टी, तुझ्या लग्नात मी नसेन, पण' इथे. तिथे पेन थांबलं, कारण आता ती असणार होती. मेल्यावर सांगायच्या गोष्टी ती तोंडानेच सांगू लागली, त्याही नको इतक्या. मुलं कंटाळली. मरणासाठी राखलेली माझी पानं कोरी राहिली आणि मागचं लिखाण त्यांच्यात शिरत, सरकत पुढे येऊ लागलं.

मध्ये दोन वर्षं तिने मला उघडलंच नाही. वाळवीने माझा एक कोपरा खाल्ला. आता इथे मी उसासा टाकावा अशी तुमची अपेक्षा असेल. नाही टाकणार. त्या दोन वर्षांत मला बाहेरून तिचं हसणं ऐकू येत होतं. तिला माझी गरज नव्हती, इतकंच. गरज लागली तेव्हा तिने वाळवी झटकली आणि उघडलं.

कोरं पान

शेवटी मध्ये एकच कोरं पान उरलं. त्याच्या अलीकडे मुलांसाठी लिहिलेलं, पलीकडे तिचं स्वतःचं.

गेल्या महिन्यात गोरेट्टी घरी आली. ती आता शाळेत शिकवते. दोन दिवस पुढे आलेलं ताट तिने तसंच मागे सरकवलं. जबडा आवळलेला. काय झालं होतं ते तिने सांगितलं नाही, आणि आईनेही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिने मला फडताळावरून काढलं.

"आई, मागचं वाचू?"

"नाही."

"मी चोवीस वर्षांची आहे आता."

"म्हणूनच नाही. नऊ वर्षांची असतीस तर चुकून वाचलं म्हणून सोडून दिलं असतं."

"तू एवढं सगळं सोसलंस, ते मला कळायला नको? मला उपयोग होईल त्याचा."

"माझ्या रागाचा तुला काय उपयोग? तुझा नाहीये का तुझ्याकडे?"

गोरेट्टीचे डोळे एकदम भरले. रेस्टिट्युटाने मला तिच्या हातून घेतलं. केळी नुकतीच चढली होती. तिने मला मधोमध उघडलं, कोऱ्या पानावर तळवा फिरवला आणि पान कण्याजवळ धरलं.

त्या आवाजाची मला पंधरा वर्षं भीती होती. बकरीसाठी तो झाला नाही, पाहुण्यांसाठी झाला नाही, कुळाच्या अब्रूसाठी झाला नाही. तो आत्ता झाला. टर्रकन.

"हे घे," ती लेकीला म्हणाली. "शिजायला तास आहे. मी वाचणार नाही."

गोरेट्टी केळीच्या झाडाखाली जाऊन बसली. गुडघ्यावर पान ठेवलं. पेन इतकं जोरात टेकलं की मला इथवर ऐकू आलं.

शिजलेल्या पानांचा वास सुटला तेव्हा ती आत आली, पान चार घड्या घालून खिशात ठेवलं आणि म्हणाली, "वाढ. जास्त वाढ."

फाटलेली पानं

एक.

मित्रांनो, मला नीट जपा असं मी म्हणणार नाही. मला चीक लागू द्या, वाफ लागू द्या, भोकं पडू द्या. कोरी आणि स्वच्छ राहून मी काय करू? तुमच्या घरातही एखादी वही असेल. तिच्यावर पुढून तुमचं नाव, इयत्ता, विषय लिहिलेलं असेल. राहू द्या ते. एखाद्या दिवशी घास उतरेनासा झाला, तर तिला उलटी धरा.

आणि कुणी विचारलं, काय लिहिलंस, तर गुडघे टेकून सांगा हवं तर. पण सांगा, 'नाही.'