चिकटपालीची शेपटी

सात महिने खपून शंतनूने एक प्राणी घडवला आणि बेबीआत्याने तो सकाळी साडेसातला कचरागाडीत देऊन टाकला.

शंतनूची नोकरी इंदूरच्या पलासिया भागातल्या एका विमा कचेरीत, पण जीव सगळा भलत्याच जगात. माणूस संपल्यावर पन्नास लाख वर्षांनी माळव्यात काय काय हिंडत असेल, हा त्याचा जुना नाद. त्या जगात भिंतीच उरलेल्या नसल्यामुळे घरातल्या पालीने नीलगायीचा कान गाठला होता. तिच्या पायांचे आकडे झाले होते, जीभ पोकळ सुईसारखी झाली होती आणि प्यायलेलं रक्त शेपटीत साठत होतं. नीलगायीने झाडाला कान घासला की ही चिकटपाल ती भरलेली शेपटी टाकून द्यायची. कावळे शेपटीवर तुटून पडायचे आणि पाल वाचायची.

गेल्या वर्षी काल्पनिक प्राण्यांच्या प्रदर्शनासाठी निवड करणाऱ्या मधुरिमाजींनी त्याचं मॉडेल परत केलं होतं. सगळं बरोबर आहे, पण जिवंत वाटत नाही, कुणी दचकणार नाही, असं त्या म्हणाल्या. ते वाक्य शंतनूच्या मनात सलत राहिलं. यंदा त्याने सिलिकॉनची कातडी केली, शेपटीत आणि पोकळ जिभेत बिटाचा रस भरला आणि तिच्या बुडाशी बॉलपेनची स्प्रिंग बसवली. जरा धक्का लागला की शेपटी वळवळायची. निवड आज अकराला पलासियातच होती, आणि दोनदा नाकारलेल्याचा अर्ज तिथे पुन्हा घेत नसत.

तो अंघोळीहून आला तेव्हा टेबल फिनाइलने पुसलेलं होतं. होळकरांच्या दफ्तरात कागद लावणाऱ्यांच्या घराण्यातली बेबीआत्या. तिने शांतपणे खुलासा केला. त्या घाणीच्या तोंडातून तांबडं ओघळत होतं म्हणून आधी ती ओल्या कचऱ्यात टाकणार होती, पण रबर ओल्यात चालत नाही. म्हणून नीट विचार करून तिने ते जुन्या औषधांबरोबर वेगळ्या डब्यातून दिलं.

"नियमानेच टाकलं रे," ती म्हणाली.

शंतनूने कपाळावर हात मारला. ओरडायचीही सोय नव्हती; स्वच्छतेत देशात पहिल्या येणाऱ्या इंदुरात कुठल्याही गल्लीत विचारलं असतं तरी आत्याच बरोबर ठरली असती. त्याने स्कूटर काढली.

दोन गल्ल्या पलीकडे गाडी गाणं वाजवत उभी होती. मागे कचरा वेगळा करणाऱ्या द्वारकाबाईंना त्याने सगळं वर्णन सांगितलं. त्यांनी फावड्याकडे बोट दाखवलं. फावड्याखाली चिकटपाल चपटी होऊन पडली होती. त्याच्या जगात शेपटी जायची आणि पाल वाचायची. इथे पाल गेली होती आणि शेपटी तेवढी धडधाकट राहिली होती.

"मैंने मारी, भिया," द्वारकाबाई म्हणाल्या. "डिब्बा खोला तो हिल री थी."

त्याला द्वारकाबाईंचा राग आला, आत्याचा आला, मधुरिमाजींचा तर सगळ्यांत जास्त आला. एवढ्यात त्याचं लक्ष गेलं: बाई अजून फावड्यावर पाय दाबून उभ्या होत्या.

"डर लगा?"

"लगेगा नहीं?"

अकराला पलासियात येऊन एवढंच एका मॅडमना सांगाल का, असं त्याने विचारलं. दोनपर्यंत ड्यूटी आहे, गाडी कोण सांभाळणार, असं म्हणून त्या कामाला लागल्या. एकमेव साक्षीदार, तीही कचऱ्याबरोबर निघून गेली. शंतनूने तुकडे गोळा केले.

अकराला मधुरिमाजींनी खोक्यात नजर टाकली आणि चष्मा काढला. तुटलेली एन्ट्री नियमात बसत नाही, त्या म्हणाल्या. नियमाचं आज त्याने दुसऱ्यांदा ऐकलं.

"तुटलेली नाही," तो म्हणाला. "मारलेली आहे. ज्यांनी मारली त्यांना ती जिवंत वाटली."

त्यात जिवंत वाटण्यासारखं काय आहे, हे बघायला त्या जरा पुढे वाकल्या. चिडलेल्या शंतनूने खोकं त्यांच्याकडे ढकललं. स्प्रिंग सुटली आणि शेपटी त्यांच्या बोटांकडे वळवळली.

त्यांची खुर्ची करकरत मागे भिंतीपर्यंत गेली.

"नियम तर आहेतच, शंतनूजी," मधुरिमाजी तिथूनच म्हणाल्या. दोन्ही हात त्यांनी पदराखाली घेतले होते.