अंड्याचा मान

राळेगाव तालुक्यातल्या या मुलींच्या वसतिगृहात रॅगिंग होत नाही. तशी पाटीच दाराशी लावली आहे. जे होतं त्याला तिथे 'वळण' म्हणतात.

बुधवारी जेवणात उकडलेलं अंडं मिळतं. आठवीच्या मुलीने आपलं अंडं सोलायचं, दोन्ही हातांवर धरायचं आणि मान खाली घालून दहावीच्या ताईपुढे उभं राहायचं. ताई खाते. टरफलं आठवीच्या वाट्याला. पद्धत कोणी पाडली ते ठाऊक नाही. अशा गोष्टींत पाडणारा सापडत नाही, पाळणारे मात्र सगळे सापडतात. निकिता आठवीत असताना न्हाणीघरात जाऊन रडायची. दहावीत गेल्यावर तिला आठवीतली दिपाली मिळाली आणि पद्धतीतलं तथ्य पटलं.

गेल्या बुधवारी दिपालीकडून सोलताना अंडं फाटलं. निकिताने तिला टरफलं मुठीत धरून, भिंतीला टेकून, जेवण होईपर्यंत उभं केलं.

रविवारी अधीक्षिका बेबीताईंनी हाक मारली, "निकिता, दिपालीची माय आली झरीहून. तुलेच विचारून राह्यली."

निकिता निघाली. तक्रार झाली तर वसतिगृहातून नाव जाणार, आणि नाव गेलं की दहावी गेली.

व्हरांड्यात दिपालीची आई हंसाबाई डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारी दिपाली, दाराशी बेबीताई.

"तूच का वं निकिता?"

"हो, मावशी."

"कधीची पाहाचं होतं तुले."

हे वाक्य पोलीसही असंच म्हणतात. पण हंसाबाईंनी डबा उघडला. आत उकडलेली अंडी.

"घरच्या कोंबडीचे हायेत. पोरगी फोनवर सांगे, माह्या ताईले अंडे लय आवडते. म्हटलं, परक्या गावात लेकराले जीव लावते, तं तिच्यासाठी न्यावं काहीतरी."

निकिता 'नको' म्हणणार तोच दिपालीचा हात डब्यात गेला. तिने अंडं सोललं, उठली, मान खाली घातली आणि दोन्ही हात पुढे केले.

हंसाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाहा वं बेबीताई! घरी बापाले पाण्याचा गिलास देत नव्हती. केवढं वळण लावलं या पोरीनं!"

"आमच्या इथं शिस्त हायेच," बेबीताईंनी संस्थेच्या वतीने श्रेय स्वीकारलं.

हंसाबाईंनी झिंज्या धरल्या असत्या तर निकिताला सोपं गेलं असतं. अंडं पांढरंशुभ्र होतं, कुठे ओरखडा नव्हता.

"दिपाली, तू खाय."

दिपालीने घाबरून अंडं फिरवून पाहिलं. "काहून ताई? कुठं फाटलं का?"

"नाही वं. तुह्यासाठीच हाय. खाय न."

दिपालीला ते खरं वाटलं नाही. तिने अंडं डब्यात ठेवलं, टरफलं गोळा करून मुठीत घेतली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"अवं, बस न," हंसाबाई हसल्या. "उभी काहून झाली?"

बेबीताई अंगणातलं काहीतरी पाहू लागल्या. दिपाली जमिनीकडे पाहत राहिली.

"मावशी," निकिता म्हणाली, "मीच उभी करतो तिले. तिचे अंडेही मीच खातो. दर बुधवारी."

हंसाबाईंना आधी उमजलं नाही. त्या हसतच होत्या. मग त्यांनी लेकीची मूठ धरून एकेक बोट उघडलं, टरफलं आपल्या पदरात घेतली, आणि डब्याला झाकण लावलं.