पूर्वेकडचा हिरवा ठिपका

कोणता पक्षी कुठवर राहतो हे नकाशावर हिरव्या रंगाने दाखवणे, एवढेच तिचे काम. या पक्ष्याच्या बाबतीत रंग फारसा लागतच नसे. ढगांत बुडालेल्या उंच रानाखाली तो उतरत नाही, आणि तसे रान दोनच डोंगरांवर उरले होते. पश्चिमेला तो हमखास असे. पूर्वेला गेल्या मोसमात त्याची शीळ ध्वनिमुद्रित झाली, म्हणून तिने तिकडेही एक ठिपका दिला होता. पक्ष्याला दुसरे घर आहेच, अशा उदात्त विचाराने पश्चिमेचे रान तोडण्याची परवानगी आज दुपारच्या बैठकीत मिळायची होती.

नकाशा पाठवण्यापूर्वी तिने ते ध्वनिमुद्रण सहज लावले. शीळ, शीळ, मग कोणाची तरी शिंक. पुन्हा तीच शीळ, पुन्हा तीच शिंक. ती शिंक ती घरी रोज ऐकत असे.

तिचा दीर तिच्याच संस्थेत पक्ष्यांची पाहणी करी. तिने त्याला बोलावून दार लावले.

"भावजी, ही शिंक तुमची."

"नाक माझंच, वहिनी. पण तुम्ही ते एवढं ओळखता हे दादाला सांगू नका."

ती हसली नाही, तसा त्याचा चेहरा उतरला. पश्चिमेला त्याने टिपलेली शीळ, मध्येच आलेल्या त्याच्या शिंकेसकट, तो पूर्वेला भोंग्यावर वाजवत होता, खऱ्या पक्ष्याने उत्तर द्यावे म्हणून. उत्तर आले नाही. समोरच्या उतारावर बसलेल्या दुसऱ्या तुकडीने मात्र भोंग्यालाच पक्षी मानले.

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"लाकडाचा ठेकेदार घरी आला होता. आपल्या छोटीची शाळा कधी सुटते ते त्यानं मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं."

दार न वाजवता संचालक आत आले. पक्ष्यांवर त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिले होते. रानात जाण्याइतकी उसंत त्या ग्रंथांनी त्यांना कधी दिली नव्हती.

"सर, पूर्वेचा ठिपका चुकलाय."

"असेल. चुका सुधारतच शास्त्र पुढं जातं. बैठकीनंतर सुधारू."

"तोवर रान जाईल."

"मग नकाशा आणखी सोपा होईल, बाई."

ते खिडकीशी उभे राहिले. तिने त्यांच्यादेखत नवऱ्याला फोन लावला. "छोटीला आत्ताच्या आत्ता शाळेतून आण. का, ते विचारू नकोस." मग तिने ठिपका पुसला आणि नकाशा, शिंकेसह, बैठकीच्या सर्व सदस्यांना पाठवून दिला.

संचालकांनी खिशातून फोन काढला आणि ते शांतपणे बाहेर गेले.

"वहिनी, काय केलंत हे?" दीर पुटपुटला. पण तो गेला नाही. दाराला पाठ लावून उभा राहिला.

अखेर नवऱ्याचा फोन आला. आवाजात नेहमीचा वैताग होता.

"मला पळवत कशाला आणलंस? छोटीला काका आत्ताच घेऊन गेले, असं शाळेत म्हणतात. त्यालाच पाठवायचं होतं, तर तसं सांगायचं ना."

तिला एकच दीर होता. तो तिच्यासमोर, दाराला पाठ लावून उभा होता.