ताईचा गट

सुट्टी संपवून दोघी बहिणी ज्युदोच्या हॉलमध्ये परतल्या, तेव्हा धाकटीला दोन जिने चढतानाही धाप लागत होती. घरीदारी सगळे तिला चिमणी म्हणत. शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी चिमट्यात धरून तिच्या दंडावरची, पोटावरची चरबी मोजली, हॉलभर पळवलं आणि कपाळाला हात लावला. "सुट्टीत नुसती लोळत होतीस का गं?"

मग स्पर्धांच्या हंगामाआधीची तयारी सुरू झाली. भल्या पहाटे पळणं, दोर चढणं, जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका. चिमणीच्या खांद्यावर ताई असायची आणि वरून हुकूम सोडायची, "अजून एक! मी काय एवढी जड आहे?"

ताई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गुडघा कुरकुरत होता, म्हणून हा हंगाम झाला की ती खेळ सोडणार होती. इतकी वर्षं ती राखीव खेळाडूच राहिली. यंदा मधल्या वजनगटात तिच्या तोडीचं कुणी उरलं नव्हतं. संघातली जागा जवळजवळ तिचीच होती.

तयारी संपत आली तशी मॅडमनी पुन्हा चाचणी घेतली आणि चिमणीकडे बघून खूश झाल्या. "चरबी उतरलीय, स्नायू भरलेत, दम तर विचारूच नका. वजन वाढलंय, पण कामाचं वाढलंय. हलक्या गटात तू आता मावायची नाहीस. मधल्या गटात खेळ."

मधला गट ताईचा होता, आणि संघात प्रत्येक गटातून एकीलाच जागा.

"मी वजन उतरवते, मॅडम," ती घाईघाईने म्हणाली.

"उतरवायला आहे काय अंगावर?" असं म्हणून मॅडम पुढच्या मुलीकडे वळल्या.

त्या दिवसापासून चिमणी "कॉलेजात खाल्लं" म्हणून ताटावरून उठू लागली. दोन स्वेटर चढवून पळू लागली. काटा जरासा हलला, पण कमावलेली ताकदही पाझरून गेली. एका संध्याकाळी सरावात तिने ताईच्या जॅकेटची कॉलर पकडली, तर मूठच आवळेना. डोळ्यांपुढे अंधारी आली. ती पडणार तोच ताईने तिला कवेत धरलं.

कपडे बदलायच्या खोलीत ताईने तिला बाकावर बसवलं. पिशवीतली केळी सोलून एकेक हातात दिली. मग म्हणाली, "माझ्यासाठी चाललंय ना हे?"

चिमणीने हळूच मान हलवली.

"वेडी कुठली! मला खांद्यावर पेलताना तुला रोज बघितलंय मी. एवढं कमावलेलं अंग माझ्यासाठी वाळवणार? मग त्या जागेवर मला सुखाने बसता येईल का?"

"तुझं शेवटचं वर्ष आहे, ताई."

"म्हणून तर. शेवटची लढत खोटी नको मला. पोटभर जेव आणि खरी खेळायला ये."

चिमणी ताईच्या मांडीवर डोकं टेकून हमसून हमसून रडली.

निवडीच्या दिवशी दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. ताईने अजिबात दयामाया दाखवली नाही. पायात पाय घालून तिने आधी गुण घेतला. तिचे सगळे डाव चिमणीला पाठ होते, तरी ती त्यांत सापडत होती. पण वेळ संपत आली तशी ताईला धाप लागली आणि चिमणीचा श्वास मात्र शांतच होता. तिने कॉलर ओढली, कंबर आत घातली आणि ताईला अलगद उचलून मॅटवर पाठीवर पाडलं. पूर्ण गुण! लढत तिथेच संपली, चिमणी जिंकली.

चिमणी तिथेच गुडघ्यावर बसली. "लागलं का गं?"

"छान टाकलंस," ताई छताकडे बघत म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

घरी जाताना ताईचा गुडघा दुखायला लागला, तेव्हा तिने चिमणीच्या खांद्यावर हात टाकला.

"रागावलीस?" चिमणीने विचारलं.

"राग नाही. वाईट वाटतंय. वाटू दे थोडा वेळ."

चिमणीने पावलं आखूड केली, ताईला झेपतील अशी. कोपऱ्यावर आल्यावर ताईच म्हणाली, "तुझी डावी बाजू अजून कच्ची आहे. उद्यापासून दुकानात जायच्या आधी तासभर तुझा सराव घेईन."